‘म्हणजे’ला कशाला झोडपता?

रोजच्या बोलण्यातल्या डोक्यात जाणाऱ्या शब्दांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ‘म्हणजे’, ‘अ‍ॅक्च्युअली’, ‘बेसिकली’ यांच्यावर लेखकाने फारच तोंडसुख घेतले आहे. बोलणारा पुढचे वाक्य जुळवत असतो, तेवढ्यापुरते हे शब्द येतात. इंग्रजीतील ‘अं’, ‘अम’ अशा उच्चारांवर हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये शोधनिबंध लिहिला. ‘थोडा थांबणार आहे’ अशी सूचना त्यातून ऐकणाऱ्याला मिळते, असे त्यांचे म्हणणे. मग अशा शब्दांचा एवढा राग कशाला? (दर वाक्याला ‘अ‍ॅक्च्युअली’ लावणाऱ्यांची बाजू मात्र मीही घेणार नाही.)

खरा संताप येतो तो छापील, गुळगुळीत वाक्यांचा. बंद खिडकीवर पाटी असते, ‘गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’ कोण व्यक्त करत आहे? वाक्यात कर्ताच नाही, त्यामुळे जाब विचारायचा कोणाला हेही कळत नाही. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ याचीही तीच गत. कधी आणि कोण, दोन्ही गुलदस्त्यात. फोनवर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे चौथ्यांदा ऐकताना तर कानाला लावलेला फोन आपटावासा वाटतो.

वर्तमानपत्रेही यात मागे नाहीत. ‘असे बोलले जात आहे’ हे नेमके कोण बोलते, तेवढे आपल्या वार्ताहरांनी बातमीत लिहावे, ही विनंती.

– एक नियमित वाचक