टीम लीड झालास, आता थोडा गप्प बस

प्रिय भावड्या,

टीम लीड झाल्याचा मेसेज बघितला, अभिनंदन रे! पण "माझ्या मीटिंगमध्ये कोणी तोंडच उघडत नाही" असं लिहिलंस ना, म्हटलं फोनवर हे नीट बोलणं होत नाही, लिहूनच टाकू.

आमच्या बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (म्हणजे तुमच्याकडची एमआयडीसी) कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनतात हे तुला माहितीये. गेल्या पावसाळ्यात कॉइल ओव्हनमध्ये कितीही सुकवा, मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं, रीडिंग काही वर येईना, आणि आम्ही सगळे इंजिनियर ओव्हनच्याच नावाने खडे फोडत बसलेलो. आमच्या नव्या मॅनेजरबाई, पक्क्या दांडिया बाजारच्या मराठी, त्यांची सवय अशी की आपलं मत सगळ्यात शेवटी सांगायचं आणि आधी कोपऱ्यातल्या माणसाला विचारायचं. वाइंडिंगवर, म्हणजे कॉइल गुंडाळायच्या कामावर, कॉन्ट्रॅक्टचा एक हेल्पर आहे, त्याला गुजरातीत म्हणाल्या "तमने शुं लागे छे?", म्हणजे तुम्हाला काय वाटतं? तो आधी लाजला, मग म्हणाला, बेन, कॉइलच्या इन्सुलेशनच्या कागदाचे रोल शटरजवळ पडलेले असतात, सकाळी हाताला ओलसर लागतात. झालं! त्याला हे केव्हाचं माहीत होतं, पण हेल्परला विचारतंय कोण?

पुढची गंमत बघ. बाई आल्यापासून रजिस्टरमध्ये चुकांच्या नोंदी वाढल्या आणि वरचे साहेब तापले, की क्वालिटी घसरली. अहो, चुका आधीही होत्याच, लिहीत कोणी नव्हतं! हार्वर्डच्या एमी एडमंडसनला १९९० च्या दशकात हॉस्पिटलांत हेच दिसलं होतं, चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या, कारण तिथे लोक सांगायला घाबरत नव्हते. नंतर २००६ साली इन्ग्रिड नेम्बहार्ड नावाची संशोधक आणि एडमंडसन या दोघींचा नवजात बाळांच्या आयसीयूंवरचा अभ्यास आला, त्यात डॉक्टर मोकळे बोलायचे आणि नर्स वगैरे मंडळी कमी, पण जिथे लीडर स्वतःहून मत विचारायचा आणि त्याची कदर करायचा तिथे हा फरक कमी झालेला, आणि सुधारणेच्या कामात लोक जास्त पुढे यायचे.

ऐकायचं म्हणजे सगळं मान्य करायचं असं नाही हां. मी टेस्टिंगचं शेड्यूल बदलायला सुचवलं तर बाईंनी कारण सांगून सरळ नाही म्हटलं, सगळ्यांसमोर. थोडा राग आला, पण पुढच्या मीटिंगला परत बोललोच की!

तर सोमवारी तू शेवटी बोलून बघ. आधी जाम शांतता होईल, तेव्हा घाबरून तूच सुरू होऊ नकोस, तुझी खोड मला माहितीये. काय झालं ते कळव. आणि दिवाळीत बडोद्याला ये, सेवउसळ तुझ्याकडून बाकी आहे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बडोदेकर