अकरा मार्चचं पान

प्रिय सुमे,

सात महिने पत्र नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर आहे तिथेच आहे.

प्रकाशकाने गोदामात जागा नाही म्हणत माझ्या कादंबरीच्या उरलेल्या २१० प्रती घरी आणून टाकल्या. त्यांच्यासाठी माळा रिकामा करताना १९९८ची डायरी हाती लागली. ११ मार्च, माझंच गिचमिड अक्षर: ‘सुमीच्या नणंदेवर कादंबरी का करू नये?’

हो. बस खाली.

त्या कादंबरीवरून दीड वर्ष अबोला धरला होतास. डेक्कनवर मला बघून रस्ता ओलांडून गेलीस, तेही गुडघे धड असताना! आणि मी गावभर सांगत फिरले, अगं ती पाचसहा जणींची मिळून केलेली बाई आहे, सुमी उगाच अंगाला लावून घेते. खोटं बोलत नव्हते गं. मला खरंच तसं वाटत होतं.

मग तुझी ती अमेरिकन कादंबरीकार डॉन पॉवेल आठवली. (पुस्तकं परत मागू नकोस.) ‘अ टाइम टू बी बॉर्न’मधली अमांडा म्हणजे तिथली नाटककार आणि राजकारणी क्लेअर बूथ लूसच, असं १९४२पासून लोक म्हणत होते आणि पॉवेलबाई कानांवर हात ठेवत होती. पुढे १९५६ साली तिला स्वतःचंच १९३९चं टिपण सापडलं: क्लेअर लूसवर कादंबरी का नको? आता मी विश्वास कुणावर ठेवू, माझ्यावर की माझ्यावर, अशा अर्थाचं काहीतरी तिने डायरीत लिहून ठेवलंय. मी माळ्याच्या शिडीवर बसून एकटीच हसले.

पण तिचं निराळं. सावत्र आईने वह्या जाळल्या म्हणून ओहायोतलं घर सोडून पळालेली पोर, तिने आयुष्यभर न्यूयॉर्कच्या मिजासखोरांची सालं काढली. खप मात्र जेमतेम. १९६५मध्ये गेली, देहदान केलेलं. उरलं ते परत घ्यायला मृत्युपत्राची व्यवस्था पाहणारी बाईच नाही म्हणाली, म्हणून न्यूयॉर्कच्या हार्ट आयलंड बेटावर बेवारशांत पुरलं. १९८७मध्ये लेखक गोर विडालने तिच्यावर लेख लिहिला तेव्हा कुठे लोकांना जाग आली. १९९५ला डायऱ्या निघाल्या, २००१ला लायब्ररी ऑफ अमेरिका या प्रकाशनाने तिच्या कादंबऱ्यांचे दोन खंड काढले. माझ्या २१० प्रतींना विडाल नाही, वाळवी भेटेल.

खरी पंचाईत पुढेच आहे. दिवाळीत तुझ्या वन्संचा फोन आला होता. ‘दहा प्रती ठेव हं, माझ्यावरच आहे ना ते?’ आवाजात चक्क कौतुक! आणि मी सवयीने म्हणाले, छे हो, तुमच्यावर कुठलं.

तेव्हा डायरी सापडायची होती. आता काय करू? पान फाडलं तर तुझ्याशी दुसऱ्यांदा खोटं, दाखवलं तर त्या ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावतील. तूच सांग. पान सध्या गॅसच्या शेगडीजवळ, डब्याखाली दाबून ठेवलंय.

निनादला मुलगी झाली म्हणे, छान. गुडघ्याचं ऑपरेशन कधी? मी येते डबा घेऊन, रस्ता ओलांडू नकोस.

तुझी,
वैजू