पुण्याला सामान ठेवण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, वाड्याचं बिल्डरशी पक्कं झालं हे कळलं. पुण्याच्या स्टोरेजवाल्याकडून तुम्ही दर मागवलाय आणि आई म्हणतेय की काही टाकायचं नाही, बांधकाम होईपर्यंत सगळं तिकडे ठेवू. त्यावर मला बोलायचंय, पण फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता म्हणून लिहितेय. माझी नोकरी नेमकी काय आहे हेही तुम्हाला नीट माहीत नाही. काकूला तुम्ही ‘वेअरहाऊसमध्ये मॅनेजर’ सांगितलंत म्हणे!

वेअरहाऊस नाही हो. बँकेच्या लॉकरसारखं आहे, फक्त लॉकर खोलीएवढा. ५ बाय ५ फुटांपासून १० बाय २० पर्यंत युनिटं, प्रत्येकाला पत्र्याचं शटर. कुलूप गिऱ्हाइकाचं, किल्लीही त्याच्याकडेच. आत काय आहे ते आम्ही बघत नाही, त्याची यादी नसते. जागा भाड्याने द्यायची, इतकंच. अमेरिकेत अशी ५०,००० च्या वर ठिकाणं आहेत. त्यातली पब्लिक स्टोरेज ही बडी कंपनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली, तिची नारिंगी शटरं हायवेवरून ओळखू येतात. मी तिथे नाही. आमची कंपनी लहान, बहुतेक दिवस ऑफिसात मी एकटीच.

सकाळी पहिली फेरी कुलपांची. सगळी जागेवर आहेत ना, कुठलं तुटलेलं नाही ना, बघत जायचं. मग रिकामी युनिटं झाडायची, उंदरांचे सापळे तपासायचे. (आई, नाक मुरडू नकोस, ग्लोव्ह्ज असतात.) सगळ्यात वैताग गाद्यांचा. इथे जुनी गादी टाकायलाही पैसे पडू शकतात, म्हणून लोक रात्री गुपचूप आमच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी करून जातात.

मे महिन्यात सुट्टीसाठी होस्टेल सोडताना रटगर्स विद्यापीठाची मुलं फ्रिज आणि खोकी घेऊन येतात, तेवढाच काळ गडबड. आणि आपल्या लोकांचं एक ढोल-ताशा पथक आहे, त्यांचे ढोल आमच्याकडे असतात, एसी असलेल्या युनिटमध्ये. दमट हवेत ढोलाची पानं, म्हणजे वरचं कातडं, सैल पडतात ना. आता सराव सुरू झालाय, शनिवारी ढोल निघाले की मी बाहेर जाऊन उभी राहते.

एरवी येणारा बहुतेक जण घरात काहीतरी घडल्यावर येतो. कुणी वारलं, घटस्फोट झाला, नोकरीपायी गाव सोडावं लागलं, नाहीतर मोठं घर विकून लहान घेतलं. ‘दोन-तीन महिने लागेल’ म्हणतात. पहिल्या महिन्याला सूट असते. पुढे भाडं वाढल्याचं पत्र जातं, त्याखाली नाव माझं, शिव्याही मलाच. एवढं सामान पुन्हा उचलून दुसरीकडे न्यायला कुणी धजत नाही हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. मला हे पटत नाही, पण पगार त्यातूनच होतो.

भाडं थकलं की गिऱ्हाइकाच्या कुलपावर आम्ही आमचं कुलूप चढवतो. फोन करायचे, कायद्याप्रमाणे नोटीस धाडायची, मुदत द्यायची. माणूस सैन्यात तर नाही ना हे तपासावं लागतं, कारण सैनिकाचं सामान कोर्टाच्या हुकुमाशिवाय विकता येत नाही. तरीही पैसे आले नाहीत तर लिलाव. ग्राइंडरने कुलूप कापायचं. ठिणग्या उडतात, जळक्या लोखंडाचा वास बराच वेळ नाकात राहतो. शटर वर केलं की उंबऱ्यावरूनच फोटो काढायचे, आत पाऊल टाकायचं नाही. बोली इंटरनेटवर लागते. थकबाकी आणि खर्च वजा जाऊन काही उरलंच तर ते मूळ मालकाचं. घेणारा दोन-तीन दिवसांत युनिट रिकामं करतो आणि कागदपत्रं, फोटो आमच्याकडे परत देतो, तसा रिवाजच आहे. माझ्या टेबलाखाली असं एक खोकं आहे. त्यात लग्नाचे अल्बम आहेत, एका मुलीची शाळेची प्रगतिपुस्तकं आहेत. मी पत्ता शोधून फोन करते. काही जण येतात, काही जण ‘फेकून द्या’ म्हणतात.

युनिटमध्ये राहायला, झोपायला बंदी आहे. एक गिऱ्हाईक गाडीत झोपतो आणि रोज सकाळी युनिटमध्ये येऊन इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जातो. नियम मोडत नाही, पण साहेबांना ते खपणार नाही. मी त्यांच्या कानावर घातलेलं नाही.

आता आपलं. आमच्या एका बाईंनी सोफा आणि दोन कपाटं तीन वर्षं ठेवली, महिना १६० डॉलर. हिशोब केला तर ५,७६० होतात. सगळं विकून तिला हजारही आले नसते. पुण्याचा दर वेगळा असेल, पण बाबा, बांधकाम दोन वर्षांत होईल असं बिल्डर म्हणतो, ते तुम्ही तीन धरा आणि मग गुणाकार करा.

माझं म्हणणं असं. वाड्याचा करारनामा, विम्याचे कागद, फोटो, आईचे दागिने यातलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. झोपाळा कऱ्हाडच्या मामाने मागितलाय, त्याच्याकडे अंगण आहे, देऊन टाका. पुस्तकं नगर वाचनालयाला विचारा. आजीचा पलंग भाड्याच्या फ्लॅटच्या जिन्यातून चढतो का ते टेप लावून बघा, चढला तर न्या. शिलाई मशीन न्यायचंच. माळ्यावरच्या तुटक्या खुर्च्या आणि तीन ट्रंका काढून टाकायच्या, यावर मात्र मी हटणार नाही. इतकं करूनही चार वस्तू उरल्याच तर अगदी लहान खोली घ्या. सही करण्याआधी भाडं कधी आणि किती वाढणार ते लेखी मागा, आणि वाळवी लागली तर भरपाई कोण देणार तेही. करार मला व्हॉट्सॲपवर पाठवा, बारीक अक्षरातलं मी वाचते.

आई, ट्रंका उघडून आत काय काय आहे त्याचे फोटो काढून पाठव. रविवारी तुमच्या रात्री नऊला फोन करते, एकेक वस्तू घेऊन ठरवू. आणि पितळी डब्यांवरून आत्ताच भांडू नकोस, डबे टाका असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

तुमची,
मनू