हार्मोनचं औषध म्हटलं की घाबरायचंच का?

संपादक साहेब, नमस्कार.
सोयाबीनवर अळी पडली की दुकानदार 'हे हार्मोनवालं घ्या' म्हणतो अन् लगेच व्हॉट्सॲपवर सुरू, यानं बायांची पाळी बिघडते म्हणून. अहो, हार्मोन एकटा काही करत नाही, त्याला पेशीतला रिसेप्टर लागतो, किल्लीला कुलूप लागावं तसा. यातल्या न्यूक्लिअर रिसेप्टरचं, म्हणजे पेशीत राहून जनुकं चालू-बंद करणाऱ्यांचं, खानदान मोठंय, माणसात 48, फळमाशीत 21, अन् सी. एलिगन्स नावाच्या इवल्याशा जंतात 280 च्या वर! 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी वंशावळीवरून त्यांना नंबर दिले. अळीला कात टाकायला लावणाऱ्या इक्डायसोन या हार्मोनचा रिसेप्टर एनआर1एच1, आपल्यातला इस्ट्रोजेनचा, म्हणजे बायांच्या पाळीशी संबंध असलेल्या हार्मोनचा, एनआर3ए1, म्हणजे भावकी एकच पण घरं पार वेगळी. इक्डायसोनच्या रिसेप्टरचा आपल्यातला जवळचा नातेवाईक कोलेस्टेरॉल सांभाळतो, पाळी नाही. मेथॉक्सीफेनोझाईड हे असंच 'हार्मोनवालं' कीटकनाशक, ते अळीच्या इक्डायसोनच्या रिसेप्टरला चिकटतं, ती अवेळी कात टाकायला लागते, खाणं सोडते अन् मरते. तरी हातमोजे न घालता फवारायचं असं मी म्हणत नाही, औषध ते औषधच, अन् दुकानदार तर कशालाबी हार्मोनचं म्हणतात. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या कुणाकडून तरी यावर सविस्तर लेख घ्या, पेरणीच्या आत छापला तर बरं.

— एक शेतकरी, जिंतूर तालुका, जि. परभणी