आपल्या बोटीचं नाव

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

बोटीला ‘सुरंगी’च का, हे तू परवा विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

माझ्या मनात शांतादुर्गा होतं. शिडाची बोट घ्यायची आणि तिला देवीचं नाव नाही, हे मला पटेना. म्हादेईचाही मोह होता. पण गोव्यात दिवाडीला बांधलेल्या म्हादेई नावाच्या बोटीतून नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. ते नाव आता त्याच बोटीचं, दुसऱ्या कुणी लावू नये.

आईचा विचार वेगळा होता. संकटात रेडिओवर, चॅनेल १६ वर, तीनदा ‘मेडे’ म्हणायचं आणि पाठोपाठ बोटीचं नाव तीनदा. बोटीवर आम्ही दोघंच. उद्या मी पाण्यात पडलो तर माईक तिच्या हातात. वारा घोंघावतोय, छाती धडधडतेय, अशा वेळी जीभ अडखळणार नाही असं नाव हवं, म्हणाली. हे ऐकल्यावर माझा हट्ट संपला.

मग ब्रिटोनाला आईला काठावर उभी केली आणि इंजिन चालू ठेवून मी एकेक नाव हाकारलं. शांतादुर्गातलं ‘दुर्गा’ तेवढं पोचलं. सुरंगी अख्खं पोचलं. रेडिओवर रोमन अक्षरं एकेका ठरलेल्या शब्दाने सांगायची झाली तर सिएरा, युनिफॉर्म, रोमिओ, अल्फा, नोव्हेंबर, गोल्फ, इंडिया. ऐकणारा रशियन असो की मल्याळी, चुकणार नाही.

हे नाव यादीत आलं ते आईच्या आजोळामुळे, आरवलीमुळे. फेब्रुवारी-मार्चात तिची आजी उन्हं चढायच्या आत सुरंगीच्या फुलांच्या कळ्या काढून आणायची आणि ओसरीवर वळेसर, म्हणजे त्यांचे गजरे, करत बसायची. सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही, हे तुला माहीतच आहे. यंदाचा एक वळेसर आईने केबिनमध्ये नकाशांच्या खणात ठेवलाय. खण उघडला की दर्यावरच्या खाऱ्या हवेतही तो वास येतो.

नाव म्हापशाच्या पेंटरने हाताने रंगवलं, देवनागरीत वर, रोमन खाली. ‘रं’वरचा टिंब फुलातल्या केसरांसारखा पिवळा.

मेअखेरीस बोट पाण्याबाहेर काढावी लागेल, मग पावसाळा संपेपर्यंत काही नाही. त्याआधी यायला जमेल का? रजेचं काय झालं ते कळव, आई रोज विचारते.

तुझा,
बाबा