पक्ष्यांची गणना मार्च-एप्रिलमध्येही व्हावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर उजाडला की आमच्या निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर धरणावरच्या पक्ष्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकू लागतात. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, आकडे छापून येतात, रविवारी धरणाकाठच्या चापडगावच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. मग ऊन तापलं, एखादा अवकाळी येऊन गेला की 'पाहुणे परतीच्या वाटेवर' एवढी एक ओळ छापायची आणि विषय पुढच्या थंडीपर्यंत मिटला. कोण आधी निघालं, कोण रेंगाळलं, नुसतं वाटेत टेकायला कोण आलं, हे मात्र ज्याच्या त्याच्या वहीत राहतं.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मार्च म्हणजे आमचा आभाळाकडे बघण्याचा महिना. घड काढणीला आलेले, व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं, आणि दुपारी ढग दाटायला लागले की पोटात गोळा येतो. पाऊस झाला तर मणी तडकतात. गारा पडल्या तर विचारायलाच नको. 2014 ची गारपीट इकडे कुणी विसरलेलं नाही. तरी संकोचत का होईना सांगतो, याच बेभरवशाच्या दिवसांत धरणावर जे दिसतं ते डिसेंबरात दिसत नाही. (घरचे म्हणतात, बाग सोडून हा दुर्बीण घेऊन निघाला. बागेत बसून मी गारा थोड्याच अडवणार आहे?)

दक्षिणेत थंडी काढलेली बदकं या दिवसांत उत्तरेकडे निघतात आणि पुष्कळशी रात्रीच उडतात. वाटेत पाऊस किंवा समोरचा वारा लागला की मिळेल त्या पाण्यावर उतरायचं आणि आभाळ निवळेपर्यंत थांबायचं, असा त्यांचा प्रवास. म्हणून वादळी संध्याकाळनंतरची सकाळ चुकवू नये. काल ज्या पाण्यावर चार वारकरी पक्षी आणि एखादा शेकाट्या होता, तिथे आज भिवई बदकांचा थवा बसलेला असतो. नराच्या डोळ्यावरची पांढरी पट्टी ढगाळ उजेडातही लांबून ओळखू येते. वारा फिरला की एका रात्रीत सगळे पसार. जानेवारीच्या गणनेत हे वाटसरू सापडणार कसे?

शिवाय पक्षी तोच असला तरी वेश बदललेला असतो. थंडीत मळकट दिसणारा पिवळा धोबी मार्चअखेर हळदीसारखा पिवळाधमक होतो. कुणाचं डोकं राखी, कुणाचं काळं; आपापल्या विणीच्या मुलखाप्रमाणे त्यांच्या उपजाती वेगळ्या, आणि त्या आपल्याला धड ओळखता येतात त्या याच थोड्या दिवसांत. काळ्या शेपटीच्या गॉडविटची मान तांबूस व्हायला लागते. हिवाळ्यात चिखलावरचे सगळे पक्षी एकसारखेच वाटतात अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी तर मुद्दाम उन्हाळ्याच्या तोंडाशी यावं.

आणखी एक बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा हा बंधारा गाळाने भरत गेला, म्हणून तर इथे उथळ पाणी आणि बेटं तयार झाली. कालव्यांना पाणी गेलं की पातळी उतरते आणि बेटं उघडी पडतात. त्यावर छोटी आर्ली, नदी सुरय, टिटवी हे इथलेच रहिवासी अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. वरच्या धरणांतून आवर्तन (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडायचं पाणी) सुटलं किंवा अवकाळीचा लोंढा आला की पाणी चढतं आणि खळगा अंड्यांसकट बुडतो. आवर्तन लांबवा असं एक शेतकरी म्हणून मी कधीच म्हणणार नाही. पण कोणत्या बेटावर घरटी आहेत हे निदान लिहिलेलं असलं, तर पाणी एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने वाढवता येईल का, हे विचारता तरी येईल.

1986 मध्ये अभयारण्य झालेली ही जागा जानेवारी 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली. तेव्हा जानेवारीच्या जोडीला मार्चअखेर आणि एप्रिलच्या मध्याला अशा दोन गणना वन विभागाने कराव्यात, अशी माझी विनंती आहे. स्थानिक गाइड मुलांना या दिवसांत फारसं काम नसतं. त्यांना मानधन देऊन हे सहज होईल. त्यांची नजर आम्हा हौशी लोकांपेक्षा तयार आहे. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या की कुणालाही पाहता येतील.

एक सावधगिरी मात्र हवी. उघड्या काठावर निरीक्षण मनोरा हीच सगळ्यात उंच वस्तू असते. गडगडाट ऐकू आला की खाली उतरून गाडीत बसावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर चढू नये. 'दामिनी' ॲपवर विजेचा इशारा मिळतो. गणनेच्या दिवशी प्रत्येक गटात एकाच्या तरी फोनवर ते असावं.

आपल्या दैनिकानेही मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यातून एकदा चार ओळींची जागा या नोंदींना द्यावी. मोजायला मी येईनच. फक्त खरड छाटणीचे (काढणीनंतर वेली छाटण्याचे) दिवस तेवढे सोडा, तेव्हा मजूर मिळाले की बाग सोडता येत नाही.

— एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक