शकूस, शाखा आणि कॉलेजाबद्दल

खानापूर, १४ जुलै

प्रिय शकू,

सप्रेम नमस्कार. पत्र चार दिवसांपूर्वीच मिळालं, पण सलग तीन नाइट होत्या आणि पावसानं लाइटही नव्हती. "नर्सिंगचं एम.एस्सी. करू म्हणतेय, पण शाखा कुठली नि कॉलेज कुठलं?" असं विचारलंयस. पुण्यात एवढी कॉलेजं असताना मला विचारतेस, म्हणजे गावाकडं यायचं मनात आहे म्हणायचं.

शाखेचं आधी. आपण ज्याला मेडिकल सर्जिकल म्हणत आलो, म्हणजे मोठ्या माणसांची दुखणी नि ऑपरेशनं, त्याला बी.एस्सी.च्या २०२१च्या अभ्यासक्रमात ॲडल्ट हेल्थ नर्सिंग असं नाव आलंय. एम.एस्सी.ला जुनंच नाव चालतं आणि त्यात पुढं कार्डिओ (हृदय), क्रिटिकल केअर (आयसीयू), न्यूरो (मेंदू), ऑन्को (कॅन्सर), नेफ्रो (किडनी) असे फाटे फुटतात. मी हीच शाखा धरली. नोकऱ्या जास्त, हे खरं कारण नव्हे. गेल्या वर्षी गोकाककडचे एक आजोबा हार्ट फेल्युअरनं आमच्या वार्डात होते. पाणी मोजून द्यायचं होतं, चार्टवर सगळं बरोबर दिसत होतं, आणि रोज सकाळी वजन मात्र वाढलेलं! नडगीवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहायचा, म्हणजे अंगात पाणी साठत होतं. शेवटी आजीला विचारलं तर म्हणाली, "अदु चा री, नीर अल्ल." म्हणजे तो चहा हो, पाणी नव्हे! दिवसाला सहा कप. चार्टवर एकही नाही. त्या दिवशी वाटलं, हे आपलं काम. कन्नड येत नसतं तर मी काय विचारलं असतं गे? आपल्याकडं अर्ध्या वार्डाला मराठी कळतं, अर्ध्याला कन्नड, आणि दुखणं जो तो आपल्याच भाषेत सांगतो. तुझं कन्नड पुण्यात गंजलं असणार.

आता कॉलेज. मी तीन पाहिली. एकात क्लार्कनं माझे मार्क विचारायच्या आधी फीचा कागद पुढं केला. लॅब दाखवली, एसी चालू, आणि सरावाच्या बाहुलीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. खाली कॅन्टीनमध्ये एक बी.एस्सी. फर्स्ट इयरची पोरगी भेटली. म्हणाली, दुसऱ्या हॉस्पिटलात बसनं जातो, आठवड्यातनं तीन दिवस, एका बेडभोवती आम्ही आठजणी. बी.एस्सी.ला नियम एका विद्यार्थ्यामागं तीन पेशंटांचा, इथं गणितच उलटं. मी चहा संपवून उठले.

तिसऱ्या ठिकाणी इमारतीला ओल होती. पण सकाळी हँडओव्हरच्या, म्हणजे ड्यूटी बदलायच्या वेळी गेले तर मॅडम स्वतः बेडजवळ उभ्या, आणि पोरी इनटेक-आउटपुट, म्हणजे पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं नि लघवी किती झाली, ते सांगत होत्या. तिथंच फॉर्म भरला. तू कुठंही गेलीस तरी आधी ऑफिसात जाऊ नकोस. सकाळच्या ड्यूटीला वार्डात डोकाव, आणि विद्यार्थिनींना एकटं गाठून विचार.

अभ्यास दोन वर्षांचा. थिअरीत एज्युकेशन, रिसर्च, दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट, वर थिसिस. थिसिससाठी गाइड कोण आणि त्यांच्याकडं आधीच किती पोरी आहेत, हे विचारायला मी विसरले. तू विसरू नकोस. बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि नंतर वर्षभराची नोकरी लागते, ते तुझं झालंय. आयएनसीची (इंडियन नर्सिंग कौन्सिलची) मान्यता एम.एस्सी.ला आणि तुझ्या शाखेला आहे का, तेवढं बघ. नुसती बी.एस्सी.ची मान्यता दाखवून वेळ मारून नेतात.

फीचं घरी बोलणं झालं. बाबा म्हणाले, म्हैस विकू. आईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की विषयच संपला! स्टायपेंड मिळाला तर बरं, नाहीतर रात्रीच्या ड्यूट्या आहेतच.

काकूंना नमस्कार सांग. येताना माझी निळी छत्री आण, तुझ्याकडंच राहिलीय. इथं पाऊस थांबायचं नाव घेईना आणि मी बाबांचं इरलं घेऊन ड्यूटीला जातेय.

तुझीच,
सुमी